खेळाच्या मैदानाची मालकी

अमेरिकेतील अनेक सार्वजनिक ग्रंथालयांनी गेल्या वीस वर्षांत एक नवे काम अंगावर घेतले आहे. कुमारवयीन मुलामुलींना ग्रंथालयात बोलावून ती त्यांना संगणकावरील खेळ एकत्र खेळू देतात. आणि त्या खेळाच्या निमित्ताने जो समूह जमतो त्याच्यामार्फत, आंतरजालावर कसे वागावे, मतभेद कसे मिटवावेत, दुसऱ्याच्या श्रमाचा मान कसा राखावा, याचे शिक्षण देऊ पाहतात. आपल्या चळवळीतील पुष्कळांना हे वाचून हसू येईल, काहींना चीडही येईल. ग्रंथालय हे ग्रंथांचे घर, तेथे हा पोरखेळ कशाला, असे एक जण म्हणेल. भांडवलशाहीने मुलांच्या हाती दिलेली ही नवी अफू सार्वजनिक पैशाने का वाटायची, असे दुसरा विचारील. दोन्ही आक्षेप गंभीर आहेत आणि दोहोंचा विचार पुढे केलाच आहे. परंतु या प्रयोगाच्या मुळाशी असलेला प्रश्न मालकीचा आहे, असे माझे प्रतिपादन आहे. ज्या जागेचे नियम ठरविण्यात माणसाला वाटा नाही आणि जेथे झालेल्या अन्यायाविरुद्ध दाद मागता येत नाही, त्या जागेचा तो नागरिक नसतो. फार तर गिऱ्हाईक असतो. गिऱ्हाइकाला शिष्टाचार शिकविता येतो, नागरिकत्व शिकविता येत नाही.

प्रयोगाचे स्वरूप

मिशिगन राज्यातील ॲन आर्बर या विद्यापीठाच्या गावी जिल्हा ग्रंथालयाने २००४ साली व्हिडिओ गेमच्या स्पर्धा भरविण्यास सुरुवात केली. जी मुले एरवी ग्रंथालयाची पायरी चढत नसत ती या स्पर्धांना येऊ लागली. २००८ साली अमेरिकन ग्रंथालय संघटनेने देशभरातील ग्रंथालयांसाठी खेळांचा एक वार्षिक दिवसच ठरवून दिला. २००९ मध्ये शिकागोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात ‘यूमीडिया’ नावाचे किशोरांसाठीचे स्वतंत्र दालन उघडले. तेथे पुस्तकांच्या शेजारीच ध्वनिमुद्रणाची, चित्रफितींची व खेळांची साधने मुलांसाठी मांडून ठेवली होती. मुले आधी नुसती येऊन बसतात, मग हाताळून पाहतात आणि त्यानंतर एखाद्या विषयात खोल शिरतात, हे मिझुको इटो व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासाने दाखविले होते. त्याच धर्तीवर त्या दालनाची रचना झाली.

पुढच्या दशकात ‘माइनक्राफ्ट’ हा खेळ या कामाचे प्रमुख साधन ठरला. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. यात ठोकळ्यांचे एक अफाट जग असते. खेळाडू त्यातील माती, दगड, लाकूड खणून काढतो आणि त्यातून घरे, पूल, गावे उभारतो. एका सर्व्हरवर, म्हणजे सामायिक संगणकावर, अनेक जण एकाच जगात एकाच वेळी वावरू शकतात. यात जिंकणे-हरणे जवळजवळ नाहीच. परंतु जेथे अनेक माणसे एका भूमीवर बांधकाम करू लागतात तेथे समाजाचे सारे प्रश्न आपोआप उभे राहतात. ही जमीन कोणाची? नदीकाठची मोक्याची जागा आधी येणाऱ्याची की सर्वांची? सामायिक कोठारातले लोखंड एकानेच उचलले तर काय करायचे? आणि रात्री येऊन कोणी दुसऱ्याचे महिनाभराचे बांधकाम उद्ध्वस्त केले तर?

हा शेवटचा प्रकार या खेळात इतका सर्रास घडतो की खेळाडूंच्या बोलीत त्याला ‘ग्रीफिंग’ असे नावच पडले आहे. कंपनीच्या किंवा खाजगी व्यक्तीच्या सर्व्हरवर त्याला एकच उत्तर असते, ते म्हणजे अपराध्याची हकालपट्टी. ग्रंथालयाने चालविलेल्या सर्व्हरवर निराळे घडू शकते. तेथे प्रवेशयादी ठेवता येते, त्यामुळे आत येणारे प्रत्येक मूल कोणीतरी ओळखीचे असते. कोणता ठोकळा कोणी, कधी फोडला याची नोंद राहील अशी व्यवस्था करता येते, म्हणून केवळ संशयावरून कोणाला दोषी ठरवावे लागत नाही. ज्याने मोडले आणि ज्याचे मोडले ती दोघे ग्रंथपालासमोर एका टेबलाशी बसू शकतात. ‘का मोडलेस?’ या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते आणि मोडलेले पुन्हा बांधून देता येते. २०१५ साली इटो आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ‘कनेक्टेड कॅम्प्स’ या नावाने मुलांसाठी असेच सर्व्हर चालविण्याचे काम सुरू केले. तेथे देखरेखीला प्रशिक्षण दिलेले, वयाने थोडे मोठे विद्यार्थी नेमले. हुकूम सोडणाऱ्या प्रौढापेक्षा समजूत घालणारा मोठा भाऊ किंवा ताई अशा ठिकाणी अधिक उपयोगी पडते, हे त्यामागील तत्त्व होते.

राष्ट्र सेवा दलाच्या शाखेत वाढलेल्या वाचकाला यात नवे काही वाटणार नाही. शाखेच्या मैदानावर खेळता खेळताच मने घडविता येतात हे धर्मांध संघटनांना आपल्या आधी समजले होते. म्हणून तर १९४१ साली सेवा दलाची नव्याने उभारणी करावी लागली. निरनिराळ्या जातीधर्मांची मुले एका संघात खेळली, त्यांनी एकत्र गाणी म्हटली, एका पंक्तीला बसून जेवण घेतले. समतेवरील दहा व्याख्यानांनी जे साधले नसते ते त्या मैदानाने साधले. मैदान बदलले म्हणून मानवी स्वभाव बदलत नाही. आज मुलांचे मैदान संगणकाच्या आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावर गेले असेल, तर तेथे कोणाचे संस्कार होत आहेत हा प्रश्न आपल्याला टाळता येणार नाही.

ग्रंथालयाचे हे काम आहे काय?

आता पहिल्या आक्षेपाकडे वळू. ग्रंथालयाने ग्रंथांपुरतेच राहावे, हे म्हणणे ऐकायला शुद्ध वाटते; परंतु ग्रंथालय चळवळीचा इतिहास त्याला पुष्टी देत नाही. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी याने अमेरिकेतील आपले पहिले ग्रंथालय १८८९ साली पेनसिल्व्हेनियातील ब्रॅडॉक या गिरणगावी बांधले. तेथे तळघरात भट्टीवरून येणाऱ्या कामगारांसाठी स्नानगृह होते आणि वर बिलियर्डची टेबले होती. काजळीने माखलेला कामगार आधी अंग धुईल, मग घटकाभर खेळेल आणि त्यानंतर कदाचित पुस्तकाला हात लावील, असा हा क्रम होता.

आपल्याकडील उदाहरणही दूरचे नाही. सयाजीराव गायकवाडांनी अमेरिकेतील ग्रंथालये स्वतः पाहून १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यास आणले आणि राज्यभर मोफत ग्रंथालयांचे जाळे विणण्यास आरंभ केला. पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. त्यांच्या जोडीला मॅजिक लँटर्न आणि चलच्चित्रेही फिरू लागली. निरक्षर शेतकऱ्याला ग्रंथालयापर्यंत आणायचे तर ग्रंथालयाला आधी त्याच्या डोळ्यांपर्यंत गेले पाहिजे, हे त्या काळी एका संस्थानिकाच्या राजवटीला समजले होते. अकरावीतल्या मुलापर्यंत जाण्यासाठी त्याच्या खेळापर्यंत जावे लागत असेल, तर लोकशाहीतील ग्रंथालयांनी त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

कंपन्यांची नागरिकशास्त्रे

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हे खेळ ज्यांच्या मालकीचे आहेत त्या कंपन्यांना मुलांच्या नागरिकत्वाशी काही कर्तव्य नाही, हे सत्य आहे. ‘माइनक्राफ्ट’ हा खेळ मुळात स्वीडनमधील एका लहान कंपनीचा. २०१४ साली मायक्रोसॉफ्टने ती कंपनी अडीच अब्ज डॉलरना विकत घेतली. २०२३ पर्यंत या खेळाच्या ३० कोटींहून अधिक प्रती खपल्या होत्या. ग्रंथालयात हा खेळ शिकविणे म्हणजे एका मक्तेदार कंपनीची विनामूल्य जाहिरात करणे होय, असे कोणी म्हटले तर त्याला खोटे पाडता येणार नाही.

त्याहून गंभीर बाब अशी की, या कंपन्या स्वतःच आता नागरिकशास्त्राचे शिक्षक होऊन बसल्या आहेत. २०१७ साली गूगलने मुलांना आंतरजालावरील सद्वर्तन शिकविण्यासाठी एक अभ्यासक्रम आणि त्याच्या जोडीला एक खेळही प्रसिद्ध केला. लबाड माणसांना ओळखा, आपला परवलीचा शब्द सांभाळा, एकमेकांशी प्रेमाने वागा, असे त्यातील धडे आहेत. धडे वाईट नाहीत. परंतु ज्या कंपनीचे बहुतांश उत्पन्न माणसांविषयीच्या माहितीवर उभ्या असलेल्या जाहिरातींतून येते, ती कंपनी स्वतः काय गोळा करते आणि त्याचे काय करते, हा त्यातील मुख्य धडा नसावा, यात नवल नाही. चोर नेहमी बाहेरचा, आणि घरमालक नेहमीच साव.

या घरमालकाचे वर्तन कसे असते याचा दाखला डिसेंबर २०२२ मध्ये मिळाला. ‘फोर्टनाइट’ या खेळाची मालक एपिक गेम्स ही कंपनी अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी तडजोड करून ५२ कोटी डॉलर भरण्यास तयार झाली. यातील साडेसत्तावीस कोटी मुलांच्या खाजगी माहितीविषयीच्या कायद्याच्या उल्लंघनाबद्दलचा दंड होता. उरलेले साडेचोवीस कोटी, फसव्या मांडणीमुळे नकळत खरेदी करून बसलेल्या ग्राहकांना परत द्यावयाचे होते. अनोळखी माणसांशी बोलण्याची सोय मुलांसाठीही कंपनीने मुळातच चालू ठेवली होती आणि त्यातून मुलांचा छळ झाला, असे आयोगाचे म्हणणे होते. ज्यांनी दार उघडे टाकले त्यांनीच मुलांना सावधपणाचे पाठ द्यावेत, आणि मुलाला इजा झाली की ‘तू पुरेसा जबाबदार नागरिक नव्हतास’ असे त्यालाच ऐकवावे, हा या नव्या नागरिकशास्त्राचा सार आहे. गिरणीतील अपघाताचे खापर कामगाराच्या निष्काळजीपणावर फोडणाऱ्या जुन्या मालकवर्गाची ही भाषा आपल्या परिचयाची आहे.

म्हणून ‘चांगले ऑनलाइन नागरिक घडविणे’ हे शब्द जसेच्या तसे स्वीकारण्यात धोका आहे. नागरिकत्वाचा अर्थ सभ्यपणा एवढाच केला, तर सर्वांत चांगला नागरिक म्हणजे सर्वांत मुकाट ग्राहक असे समीकरण होते. ग्रंथालयाच्या प्रयोगाचे मोल त्याने मुलांना सभ्य केले यात नाही. नियम ही आकाशातून पडलेली वस्तू नसून तो माणसांनी केलेला करार आहे, तो बदलता येतो आणि नियम राबविणाऱ्यालाही जाब विचारता येतो, हे मुलांनी तेथे अनुभवावे यात ते आहे. जेथे ग्रंथपालच नियमांची छापील यादी भिंतीवर टांगतो आणि ती मोडणाऱ्याला हाकलून देतो, तेथे कंपनीच्या व ग्रंथालयाच्या सर्व्हरमध्ये काही फरक उरत नाही.

आणि येथेच या प्रयोगाची मर्यादाही उघड होते. जुलै २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘माइनक्राफ्ट’च्या संगणकावरील आवृत्तीत एक बदल केला. खेळातील संभाषणाबद्दल कोणीही कंपनीकडे तक्रार करावी, कंपनीच्या माणसांनी निर्णय द्यावा, आणि दोषी ठरलेल्याला सर्वच सामायिक सर्व्हरवर, अगदी लोकांनी स्वखर्चाने चालविलेल्या खाजगी सर्व्हरवरही, प्रवेश बंद व्हावा, असा तो बदल होता. खेळाडूंनी त्याला कडाडून विरोध केला. कंपनीने तो मागे घेतला नाही. छळाला आळा बसावा हा हेतू चांगला असेल. पण त्याचा अर्थ लक्षात घ्या. ग्रंथालयाने मुलांना बसवून, दोन्ही बाजू ऐकून, समजूत घालून जो न्याय दिला असेल, त्याच्यावर दूरच्या एका कार्यालयातील अनामिक निकाल चालणार. ग्रामसभा भरवायची, पण गावाची चावी सावकाराच्या कनवटीला, अशी ही अवस्था आहे.

रिकामी जागा रिकामी राहत नाही

यावर काही साथी म्हणतील, मग हे सारे प्रकरणच टाकून द्यावे. तसे केल्याने मुले खेळायची थांबणार नाहीत. एवढेच होईल की त्यांच्या मैदानावर आपण नसू आणि दुसरे कोणी असेल.

कोण असेल याचेही उत्तर इतिहासाने देऊन ठेवले आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये ‘गेमरगेट’ या नावाने खेळाडूंच्या समूहांतून एक मोहीम उसळली. खेळ निर्माण करणाऱ्या आणि खेळांवर टीकालेखन करणाऱ्या स्त्रियांना धमक्या देणे, त्यांचे पत्ते उघड करणे, त्यांचे जिणे नकोसे करणे, हे तिचे कार्य होते. अमेरिकन उजव्या गटांचे पुढारी स्टीव्ह बॅनन हे त्याआधी खेळांतील आभासी नाण्यांचा व्यापार करणाऱ्या एका कंपनीत होते. ती नाणी चीनमधील अल्पवेतनी कामगार दिवसरात्र खेळून मिळवीत आणि पाश्चात्त्य देशांतील सधन खेळाडू ती विकत घेत. वेठबिगारीचा हा अगदी नवा प्रकार! तो धंदा पुढे बसला. परंतु एकाकी, चिडलेल्या, पण संघटित होऊ शकणाऱ्या तरुणांचे केवढे सैन्य या खेळांच्या भोवती जमलेले आहे, हे बॅनन यांनी तेथे पाहिले. पुढे ‘ब्राइटबार्ट’ या वृत्तसंस्थेच्या द्वारे त्यांनी त्या सैन्याला राजकारणात ओढले, आणि २०१६ साली ते ट्रम्प यांच्या प्रचाराचे सूत्रधार झाले. ज्या मैदानाकडे पुरोगाम्यांनी पोरखेळ म्हणून पाठ फिरविली, त्या मैदानावर प्रतिगाम्यांनी आपली शाखा भरविली.

ग्रंथालय कोणाचे?

कार्नेगीचा उल्लेख वर आला आहे. तो अर्धाच ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ब्रॅडॉकजवळच्याच होमस्टेड येथील त्याच्या कारखान्यात १८९२ साली कामगारांची वेतनकपात करून त्यांची संघटना मोडण्यात आली. त्यासाठी पिंकर्टन कंपनीचे बंदूकधारी भाडोत्री लोक आणले गेले आणि मोनोंगहीला नदीच्या काठावर माणसे मेली. त्यानंतर सहा वर्षांनी त्याच परिसरात कार्नेगीचे भव्य ग्रंथालय उभे राहिले. बारा तास भट्टीसमोर राबणाऱ्याने ते वाचनालय केव्हा वापरायचे, हे मात्र कोणी सांगितले नाही. समाजवादी नेते यूजीन डेब्स यांनी १९०१ साली कामगारांना असली ग्रंथालये नाकारण्याचेच आवाहन केले होते.

डेब्स यांचा संताप न्याय्य होता. तरीही पुढचा इतिहास पाहता एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. कार्नेगी इमारतीचे पैसे देई, पण चालविण्याचा वार्षिक खर्च गावाने करातून करावा अशी त्याची अट असे. त्या अटीमुळे दानशूराची इमारत काळाच्या ओघात लोकांची संस्था झाली. खर्च लोकांचा म्हणून हक्कही लोकांचा. ॲन आर्बरचे ग्रंथालय आज मुख्यतः स्थानिक मालमत्ता करावर चालते आणि त्याचे विश्वस्त मंडळ मतदारांनी निवडून दिलेले असते. त्या गावातील मुलाला सर्व्हरवरचा एखादा नियम अन्यायकारक वाटला, तर तो ग्रंथपालाकडे, मग मंडळाच्या सभेत आणि अखेरीस मतपेटीपर्यंत जाऊ शकतो. मायक्रोसॉफ्टच्या दारात त्याला असा कोणताही रस्ता नाही. नागरिक आणि गिऱ्हाईक यांतील भेद नेमका हा आहे.

म्हणूनच ही संस्था सत्ताधाऱ्यांच्या डोळ्यांत सलते. ब्रिटनमध्ये काटकसरीच्या नावाखाली २०१० ते २०१९ या काळात ७७३ सार्वजनिक ग्रंथालये बंद पडली. अमेरिकेत १४ मार्च २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी, ग्रंथालयांना केंद्राचे अनुदान पोहोचविणारी संस्था जवळजवळ मोडीत काढण्याचा आदेश काढला. महिनाअखेर तिच्या कर्मचाऱ्यांना रजेवर धाडण्यात आले. २१ राज्ये न्यायालयात गेली, तेव्हा कोठे मे महिन्यात त्याला मनाई झाली. शिकागोच्या धर्तीवर किशोरांची दालने देशभर उभारण्यास पैसा पुरविणाऱ्यांत हीच संस्था होती. एकीकडे मुले बिघडली म्हणून गळा काढायचा, आणि दुसरीकडे ज्या एका जागी ती पैसे न देता बसू शकतात ती जागा बंद करायची, ही भांडवली नीती आता पुरेशी स्पष्ट झाली आहे.

आपल्यापुढील काम

महाराष्ट्रातील मुले हेच खेळ खेळतात आणि त्याच कंपन्यांच्या नियमांखाली खेळतात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या आंतरजालावरील खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. अनेक कुटुंबे देशोधडीला लावणाऱ्या जुगारावर बंदी हवीच होती. परंतु बंदी वाईट जागा बंद करते, चांगली जागा उभी करीत नाही. ती उभी करण्यास लागणारा सांगाडा आपल्यापाशी आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता पावलेली अकरा ते बारा हजार ग्रंथालये या राज्यात आहेत. त्यांतील बहुसंख्य लोकांनीच स्थापन केलेली आहेत. त्यांना सभासद आहेत, सभासदांची सर्वसाधारण सभा आहे, निवडलेले कार्यकारी मंडळ आहे. अमेरिकेला हेवा वाटावा अशी ही घटना आहे. दुर्दैवाने ती कागदावर अधिक आणि व्यवहारात कमी आहे. कायद्यात ग्रंथालय कराची तरतूद नाही, अनुदान तुटपुंजे आहे, आणि ग्रंथालय सेवकांची वेतनश्रेणीची मागणी वर्षानुवर्षे लोंबकळत पडली आहे. ज्या सेवकाला स्वतःचे घर चालविणे कठीण, त्याने मुलांचे नागरिकत्व घडवावे अशी अपेक्षा करणे ही क्रूर थट्टा होय.

तेव्हा आपली भूमिका तीन कलमांत मांडता येईल. पहिले, ग्रंथालय सेवकांच्या लढ्यात पक्षाने पूर्ण ताकदीने उतरावे; कारण त्यांच्याशिवाय यातील एकही गोष्ट घडणार नाही. दुसरे, जेथे कार्यकर्ते ग्रंथालयाच्या कार्यकारिणीवर आहेत, तेथे त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ किशोरांसाठी राखून ठेवावी. ‘माइनक्राफ्ट’च्याच घडणीचा ‘लुआंटी’ नावाचा एक मुक्त संगणकप्रणालीवरील खेळ आहे. पूर्वी त्याला ‘माइनटेस्ट’ म्हणत. तो विनामूल्य आहे, त्याची संहिता सर्वांना खुली आहे आणि त्याच्या सर्व्हरची चावी कोणत्याही कंपनीकडे नाही. एक जुना संगणक आणि एक उत्साही विद्यार्थी एवढ्या भांडवलावर तो चालू शकतो. तिसरे, आणि सर्वांत महत्त्वाचे, या जगाचे नियम मुलांच्या सभेत ठरावेत. मुली संख्येने आणि अधिकाराने बरोबरीच्या असाव्यात. शिक्षेविरुद्ध दाद मागण्याची सोय असावी, आणि मोठ्यांनी अध्यक्षस्थान बळकावू नये.

यातून क्रांती होईल असे कोणी समजू नये. परंतु आठवडाभर कंपनीच्या अटी न वाचता मान्य करणारे मूल एका संध्याकाळी नियमाचा मसुदा करण्यास बसले, त्यावर वाद घालून मतदानात हरले आणि तरीही पुढच्या आठवड्यात परत आले, तर लोकशाहीचा पहिला धडा त्याने गिरविला असे म्हणता येईल. मग एक दिवस ते मूल मोठ्या कंपन्यांकडे आणि मोठ्या सरकारांकडे पाहून तोच प्रश्न विचारील, जो त्याने ठोकळ्यांच्या त्या लहानशा गावात विचारला होता: हा नियम कोणी केला, आणि आम्हांला का विचारले नाही? तो प्रश्न विचारणारी पिढी घडविणे हे समाजवादी पक्षाचे काम नसेल, तर दुसरे कोणते असू शकेल?